सप्टेंबरच्या सत्तरीत पाहुणे पक्षी कुठे आणि कसे शोधावेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात, म्हादई नदीच्या खोऱ्यात. समोर सरदाचे (पावसाळी भाताचे) शेत, मागे कुळागर (पोफळी-केळीची बाग), त्याच्यामागे डोंगर. पक्षी पाहायला नव्याने सुरुवात करायची आहे, पण ज्याला विचारावे तो 'नोव्हेंबर येऊ दे, मग बघू' असे सांगतो. सप्टेंबरमध्ये खरेच काही दिसते का, उभे कुठे राहायचे आणि स्थलांतर करून आलेला पाहुणा ओळखायचा कसा?

नोव्हेंबरचा सल्ला बाहेरून येणाऱ्यांसाठी ठीक आहे. त्यांना चार दिवसांत धनेश, कर्णा, घुबडे सगळे हवे असते आणि पाऊस नको असतो. तुम्ही तिथेच राहता. तुमच्यासाठी ऑगस्टचा शेवट ते ऑक्टोबरचा शेवट हेच दोन महिने शिकण्याचे, कारण पाहुणे एकदम येत नाहीत, एकेक करून ठरलेल्या क्रमाने येतात. या आठवड्यात एक नवा, पुढच्या आठवड्यात दोन. प्रत्येकाला नीट बघायला वेळ मिळतो. नोव्हेंबरमध्ये सुरुवात केली की सगळे एकाच झाडावर भेटतात आणि नवशिक्याला सगळेच 'हिरवट, लहान, चपळ' दिसतात.

एक गोष्ट आधीच सांगतो. चवथीवरून (गणेश चतुर्थीवरून) हिशेब धरू नका. चवथ तिथीने मागेपुढे सरकते. पक्ष्यांना निघण्याची चाहूल दिवस लहान होण्यावरून लागते. म्हणून वहीत इंग्रजी तारीखच लिहा. पाऊस लांबला तरी पहिले पाहुणे फारसे थांबत नाहीत.

स्थलांतराची सुरुवात जंगलात शोधू नका. ती आधी पाण्याच्या चरात दिसते. शेताच्या मेरेलगतचा (बांधालगतचा) पाट, साकवाखालचा ओहोळ, बंधाऱ्याची कड, रस्त्याकडेचे गढूळ डबके, इथे ऑगस्टपासूनच तुताऱ्या, म्हणजे पाण्याकाठी वावरणारे छोटे पक्षी, उतरलेल्या असतात. तीन जातींचा घोळ होतो, तो आधी सोडवून घ्या.

साधी तुतारी ओहोळाच्या दगडावर बसून शेपटीकडचा भाग सतत खालीवर हलवते. बसलेली असताना पंखाच्या पुढे, खांद्याजवळ पोटाचा पांढरा रंग वर घुसलेला दिसतो. ही खूण पक्की. उडाली की पाण्याला लागून, पंख ताठ ठेवून, थरथरत जाते. हिरवी तुतारी अरुंद, सावलीच्या चरात एकटी असते आणि तुम्हाला तिच्याआधी दिसत नाही. ती पायाखालून उठल्यासारखी उठते, तीन सुरांत 'ट्लुइट-वीट-वीट' ओरडते आणि सरळ वर चढते. पाठ काळपट, शेपटीचे बूड पांढरे शुभ्र, पंखाची खालची बाजूही काळी. ठिपकेवाली तुतारी उघड्या, पाणी साचलेल्या शेतात दोघी-चौघींनी असते. पाठीवर मोठे ठिपके, भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत ठळक, पाय पिवळसर, पंखाची खालची बाजू फिकट, आवाज 'चिफ-इफ-इफ'. बसलेल्या पक्ष्यात हिरवी आणि ठिपकेवाली यांत चूक होतेच, त्यामुळे उडण्याची वाट पाहा आणि पंखाखालचा रंग तेवढा बघा. मुद्दाम उठवू मात्र नका. गाय-वासरू किंवा शेतकरी मेरेवरून जातोच, तेव्हा ती आपोआप उठते.

तुताऱ्यांच्या मागोमाग, साधारण ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, करडा धोबी हा लांब शेपटीचा पक्षी येतो. खोऱ्याचा खरा पहिला पाहुणा म्हणावा तो हाच, कारण तो ओहोळाच्या काठाने, डांबरी रस्त्यावर, अगदी अंगणाच्या चिऱ्यांवरही उतरतो. पाठ राखाडी, शेपटी अंगापेक्षा लांब वाटावी इतकी मोठी, आणि शेपटीखाली पिवळा. छाती या दिवसांत फिकट असते, म्हणून 'पिवळा दिसला नाही' म्हणून त्याला पांढरा धोबी लिहून टाकतात. पांढरा धोबी सहसा ऑक्टोबरनंतरचा. शेतातला पिवळा धोबीही वेगळा: पाठ हिरवट-तपकिरी, शेपटी आखूड, आणि तो वाहत्या पाण्याजवळ नव्हे, कापणी झालेल्या ओल्या शेतात गुरांच्या पायांत असतो. सरदाची कापणी होऊन शेत मोकळे होईपर्यंत त्याला खोऱ्यात जागाच नसते. नदीच्या खडकांवर बारा महिने दिसणारा मोठा, काळा-पांढरा, ठळक भुवईचा धोबी इथलाच रहिवासी. त्याला पाहुण्यांत मोजू नका.

याच सुमारास विजेच्या तारांकडे मान वर करा. माळभिंगरी येऊ लागते आणि इथल्या तारवाल्या व लालबुडी भिंगऱ्यांत मिसळून बसते. पुस्तकातल्या चित्रात माळभिंगरीचा गळा विटकरी आणि शेपटीची टोके लांब असतात. सप्टेंबरला येणारी बरीच त्या वर्षीची पिल्ले असतात: गळा फिकट, शेपटी आखूड. म्हणून गळा सोडा, छातीवरचा गडद आडवा पट्टा शोधा. तो पिल्लातही असतो. तारवालीचा गळा-पोट पांढरे आणि टोपी तांबूस, लालबुडीच्या शेपटीच्या बुडाशी तांबूस पट्टा. भिंगऱ्या मोजताना एक खांब ते दुसरा खांब एवढ्याच तारेवरच्या मोजा आणि मग खांब मोजून गुणा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये निळ्या शेपटीचे वेडे राघूही थव्याने जातात. ते आधी ऐकू येतात, उंचावरून लोळत आल्यासारखी शीळ, आणि मान वर करेपर्यंत निघूनही गेलेले असतात. हिरवा छोटा वेडा राघू पावसात गायब होऊन याच दिवसांत शेतावर परततो. ती स्थानिक हालचाल आहे, लांबचे स्थलांतर नव्हे.

आता उभे कुठे राहायचे ते. सत्तरीच्या पूर्वेला घाट आहे. सप्टेंबरच्या शेवटी गोव्यात सूर्य साधारण ६ वाजून २५ मिनिटांनी उगवतो, पण डोंगरावरून ऊन खोऱ्यात पडायला बऱ्याच ठिकाणी सात-सव्वासात होतात. हे पहिले ऊन तळाशी पडत नाही; समोरच्या, पूर्वेकडे तोंड असलेल्या उताराच्या झाडांच्या शेंड्यांवर पडते. किडे तिथे आधी उठतात, त्यामुळे पक्षीही तिथेच जमतात. तेव्हा उजाडल्यावर पहिला अर्धा तास ओहोळ आणि मेर पाहा आणि ऊन शेंड्यावर आले की त्या उताराला तोंड करून, घाटाकडे पाठ करून उभे राहा. सूर्य पाठीमागे, रंग खरे दिसतात. उलट्या बाजूला उभे राहिलात तर सगळे पक्षी काळे. ऊन जसजसे खाली सरकते तसतसे पक्षीही खाली येतात. पाऊण तासाने तीच टोळी डोळ्याच्या उंचीवर मिळते आणि मान दुखत नाही. धुके असेल तर हे वेळापत्रक तासभर पुढे ढकला. साडेनऊनंतर पर्ण वटवट्यांचा (पानांत किडे टिपणाऱ्या इवल्या पक्ष्यांचा) जोर ओसरतो, तेव्हा आकाशाकडे वळा.

पर्ण वटवट्यांपाशी बहुतेक जण हार मानतात. कारण एकच: ते डोळ्यांनी ओळखायचा हट्ट. सप्टेंबरच्या मध्यानंतर आमच्या बाजूला सर्वात आधी आणि सर्वात जास्त येतो तो हिरवट पर्ण वटवट्या. तळहाताएवढाही नाही, वरून हिरवट करडा, खाली मळकट पांढरा, फिकट भुवई आणि पंखावर एक बारीक पट्टी, जी झिजलेली असली तर दिसतच नाही. त्याचा आवाज मात्र कायम असतो: दोन तुकड्यांचा, टोकदार 'चिस्-ली'. चिमणीच्या आवाजात धार काढली तर असा होईल. हा आवाज पहिल्याच आठवड्यात इतका घोटा की तो मनातून वजा करता आला पाहिजे. मग जे उरते ते नवीन. तोच आवाज तीन तुकड्यांत आला तर हिरवा पर्ण वटवट्या असण्याची शक्यता. तो अंगाने जास्त हिरवा आणि गळ्या-गालावर पिवळसर झाक असलेला. दुसरा एक स्वच्छ शीळ घालतो, जंगलाच्या दाट भागात, आणि भुवई खूप ठळक, चोच जड: तो मोठ्या चोचीचा. डोक्याच्या मधोमध फिकट पट्टा दिसला तर तो मुकुटधारी गटातला. एवढे चार कळले की उरलेले पुढच्या वर्षी शिका, काही बिघडत नाही.

झुडपात, मेरेच्या गवतात, अबोलीच्या कुंपणात 'चॅक... चॅक' असा दोन खडे आपटल्यासारखा आवाज येत असेल तर तो ब्लिथचा बोरू वटवट्या. दिसत नाही, आवाज थांबत नाही. त्याच्यामागे वाकून फिरू नका. कुंपणाच्या टोकाला पाच मिनिटे स्थिर उभे राहा. तो सरकत सरकत तिथपर्यंत येतो. शिंजीर, सुभग, नाचण यांच्या मोठ्या टोळ्या फिरू लागतात, त्यात पर्ण वटवटे मिसळतात. टोळी दिसली की सर्वात मागचा पक्षी धरा. पुढचे पाहायच्या नादात सगळेच निसटतात.

कुळागर हे खोऱ्यातले दुसरे घर. पोफळींच्या सावलीत, केळीच्या पानाआड, पाटाच्या ओलीवर माशीमार बसतात. सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरभर स्वर्गीय नर्तक येतो. लांब पांढऱ्या शेपटीच्या नराची वाट पाहाल तर फसाल. येणाऱ्यांत तांबूस मादी आणि पिल्ले जास्त असतात. काळे डोके, तुरा, तांबूस पाठ आणि घसा खरवडल्यासारखा 'च्रे' आवाज. याच सावलीत तपकिरी छातीचा माशीमार आणि तपकिरी माशीमार या जोडीने गोंधळ होतो. पायांकडे बघा: पहिल्याचे फिकट, मांसाच्या रंगाचे आणि खालची चोच पूर्ण पिवळसर, दुसऱ्याचे पाय काळे, चोचीचे टोक काळे. पोफळीचे पाणी सोडायची वेळ मालकाला विचारून घ्या. ओल झाली की पुढचा तासभर तिथे हालचाल वाढते. कुळागर कोणाचे तरी असते, आत शिरण्याआधी हाक मारणे हे ओघाने आलेच. सुपाऱ्या पडायच्या दिवसांत अनोळखी माणूस खाली बघत फिरताना दिसणे कोणालाच आवडत नाही.

वाट एकच ठरवा. दीड ते दोन किलोमीटर पुरे: मेर, ओहोळ, तारा असलेला रस्ता, कुळागराची कड आणि शेवटी जंगलाचा काठ. आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, त्याच दिशेने. रोज नवीन धबधब्याकडे धावल्याने यादी वाढते, कोण कधी आले ते कळत नाही. रात्री जोराचा पाऊस होऊन पहाटे उघडीप झाली की आवर्जून जा. छोटे पक्षी रात्री प्रवास करतात आणि पहाटे उतरतात. पावसाने थोपवलेले त्या सकाळी खाली सापडण्याची शक्यता जास्त. गोव्यातून नैर्ऋत्य मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माघार घेतो; तोवर दुपारचे ढग गृहीत धरा आणि सकाळच निवडा.

दुर्बीण ८×४२ घ्या. १०×४२ जास्त जवळ दाखवते, पण कुळागराच्या अंधारात ४२ ला ८ ने भागून मिळणारा सव्वापाच मिलिमीटरचा झोत आणि ४२ भागिले १० चा ४.२ चा झोत यांत फरक जाणवतो. शिवाय हात थरथरतो तोही दहापट मोठा दिसतो. दोन-अडीच मीटरवरचे स्पष्ट दिसणारी असावी, कारण कुंपणातला वटवट्या तेवढ्याच अंतरावर असतो. पाणी न शिरणारी, आत नायट्रोजन भरलेली असेल तर पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील. आपल्याकडे दुर्बीण पडून फुटण्यापेक्षा बुरशीने जास्त मरते. चामड्याच्या पेटीत कपाटात ठेवणे हा बुरशीला आमंत्रण देण्याचा हमखास मार्ग. घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात सिलिका जेलचे १०० ग्रॅम घालून ठेवा. नारिंगी दाणे घ्या. रंग बदलला की मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. निळ्या दाण्यांत कोबाल्टचे क्षार असतात, ते स्वयंपाकाच्या तव्यावर तापवू नका. काच पुसताना आधी फुंकणीने धूळ उडवा, मग मऊ कापड. शर्टाच्या टोकाने पुसली की धुळीचे कण काचेवर ओरखडे काढतात. एसीच्या खोलीतून थेट बाहेर काढलीत तर काच धुरकट होते. आदल्या रात्रीच ओटीवर काढून ठेवा.

रेनकोट सरसरतो आणि घाम आणतो, गडद रंगाची छत्री बरी. पायात पकड असलेली सँडल किंवा बूट. गमबूट शेवाळ धरलेल्या जांभ्यावर घसरतात. ओहोळाकाठी जळवा असतात, जळू-मोजे घाला किंवा मोज्यांवर तंबाखूचे पाणी मारा. ओहोळावर झुकलेल्या फांद्यांवर हाताच्या उंचीला चापडा हा विषारी साप बसलेला असतो, तो हिरवा किंवा तपकिरी असा फांदीसारखाच, म्हणून आधार घेण्याआधी फांदी पाहा. पहाटे कुळागरात गवा असू शकतो. दिसला तर थांबा, मागे सरका, त्याला जायची वाट मोकळी ठेवा; फोटोसाठी अंतर कमी करू नका. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याची परवानगी लागते. म्हादई अभयारण्य १९९९ मध्ये जाहीर झाले, २०८ चौरस किलोमीटरचे आहे; कुठे आत आणि कुठे बाहेर ते वाळपईच्या बाजूला नकाशा पाहून आधीच ठरवा.

पाहुण्यांच्या नादात इथल्यांकडे दुर्लक्ष करू नका. तिबोटी खंड्या जूनपासून ओहोळाकाठच्या मातीच्या भिंतीत घरटे करतो आणि सप्टेंबरमध्ये त्याची पिल्ले बाहेर पडत असतात. घरट्यासमोर उभे राहिलात तर आई-बाप चोचीत खाऊ घेऊन फांदीवर ताटकळतात आणि पिल्लू उपाशी राहते. तसे झाले की लगेच मागे व्हा. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणे तर नकोच; पिल्ले सांभाळणारा पक्षी ते आव्हान समजून सगळे सोडून येतो. आवाज ओळखणारे अॅप सोबत ठेवायला हरकत नाही. पण ते सांगेल ते गृहीत नव्हे, सूचना समजा. वटवट्यांत ते चुकते आणि कोतवाल दुसऱ्यांच्या नकला करतो.

खाजनाचे (खाडीकाठच्या सखल जमिनीचे) पाहुणे खोऱ्यात शोधू नका. चोडणचे डॉ. सलीम अली अभयारण्य किंवा करमळीचे तळे इथे बदके, मोठे पाणपक्षी येतात, पण त्यांची गर्दी नोव्हेंबर-डिसेंबरची. अमूर ससाणाही उशिराचा, बहुधा नोव्हेंबरच्या शेवटी. तुमच्या खोऱ्यात साडेनऊ ते साडेअकरा या वेळेत उष्ण हवेवर तरंगणारे गरुड आणि मधुबाज बघायला मिळतील. पाठीवर झोपून बघणे उत्तम, पण चटई आणि जळवा दोन्ही लक्षात ठेवा.

नोंद ठेवायला इ-बर्ड हे पक्षीनोंदींचे अॅप वापरा. चालायला लागताना वेळ सुरू करा, अंतर आपोआप मोजले जाईल. किमान १५ मिनिटांची यादी करा आणि 'दिसलेले-ऐकलेले सगळे लिहिले' असे खरेपणाने म्हणता येईल अशीच पूर्ण यादी भरा. संख्येच्या जागी फुली टाकण्यापेक्षा अंदाज लिहा. वीस भिंगऱ्या की दोनशे, याला फार अर्थ असतो. दिसला नाही तर न दिसण्याची नोंदही पूर्ण यादीमुळेच होते, आणि त्यावरूनच पुढे 'यंदा करडा धोबी उशिरा आला' असे कोणी म्हणू शकते. घरटी आणि घुबडांची नेमकी जागा उघड करू नका.

आणखी एक, कारण ऑक्टोबरमध्ये हमखास फोन येतो. नवरंग त्या दिवसांत रात्री प्रवास करताना दिव्यांच्या उजेडाने भरकटतो आणि पहाटे व्हरांड्यात, काचेखाली पडलेला सापडतो. हिरवी पाठ, डोळ्यावर काळी पट्टी, पोटाखाली लाल, आखूड शेपटी. त्याला पाणी पाजू नका, चोचीत थेंब सोडलात तर श्वासनलिकेत जाते. बुटाच्या खोक्याला भोके पाडा, तळाशी जुना सुती कपडा घाला, पक्षी आत ठेवून अंधाऱ्या, शांत जागी झाकून ठेवा. मांजर, मुले, फोटो, सगळे दूर. तासा-दीड तासाने खोके कुळागराच्या सावलीत नेऊन जमिनीवर उघडा, बहुतेक वेळा तो स्वतःच उडतो. पंख लोंबत असेल, रक्त असेल किंवा दोन तासांनीही उभा राहत नसेल तर वनखात्याला कळवा. घरी पिंजऱ्यात ठेवणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. घराच्या दिव्यांखाली पक्षी पुन्हापुन्हा सापडत असतील तर ऑक्टोबरभर रात्री अकरानंतर बाहेरचा मोठा दिवा बंद ठेवा आणि काचेच्या बाहेरून ५ सेंटीमीटर अंतराने ठिपके चिकटवा. आतून लावलेले पडदे पुरत नाहीत, काचेत झाडे प्रतिबिंबित होतच राहतात.